ॲक्शन पोटेन्शियलचा आलेख पाठ न करता कसा काढावा

ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजेच आवेग: पेशीच्या पडद्यावरच्या व्होल्टेजची क्षणिक उसळी. उभा अक्ष मिलिव्होल्टचा, आडवा मिलिसेकंदांचा. आलेखाला हात लावण्याआधी दोन तुटक आडव्या रेषा मारा: +६० वर सोडियमची, −९० वर पोटॅशियमची. बहुतेक आकृत्यांत या रेषा नसतात, म्हणून घोकंपट्टी करावी लागते. नियम एकच: ज्या आयनची (विद्युतभारित कणाची) पडद्यातली दारं उघडी, तो व्होल्टेज स्वतःच्या रेषेकडे ओढतो.

विश्रांतीत चेतापेशीत मुख्यतः पोटॅशियमच्या वाटा उघड्या असतात, म्हणून सुरुवात −७० च्या आसपास. −५५ च्या सुमारास सोडियमची दारं धडाधड उघडतात आणि रेघ +३० पर्यंत उभी चढते. इथवर कुणीही काढतं.

खरी गोची उतरणीला. पेशीच्या पडद्यात आयन ढकलणारा एक पंप असतो. ‘पंप सोडियम बाहेर फेकतो, म्हणून व्होल्टेज खाली येतं’ हे वाक्य कुठेही दिसलं तर खुशाल खोडा. मलाही याच वाक्याने बरेच दिवस घुमवलं होतं. पंप ३ सोडियम बाहेर काढतो, २ पोटॅशियम आत घेतो, पण सावकाश. मिलिसेकंदाचं काम त्याचं नव्हे. हॉजकिन आणि कीन्स या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये माकुळाच्या जाड अक्षतंतूत (चेतापेशीच्या लांब धाग्यात) विष घालून पंप बंद पाडला, तरी आवेग धावतच राहिले.

मग उतरवतं कोण? शिखराजवळ पेन्सिल थांबवा. सोडियमची दारं मिलिसेकंदाच्या आत आपसूक अडकतात. उशिरा जागी झालेली पोटॅशियमची दारं आता उघडी असतात. पोटॅशियम बाहेर पडतं, रेघ खालच्या रेषेकडे घसरते. ही दारं मिटायलाही आळशी, म्हणून रेघ −७० च्याही खाली जाऊन मग परत येते. हा खड्डा विसरू नका. आणि आतबाहेरचे आयन यात ‘संपत’ वगैरे नाहीत. एका आवेगात त्यांचा अगदी नगण्य हिस्सा हलतो.

हृदयाच्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) पेशी काढताना सुरुवात −९० जवळ. चढण तशीच, पण पुढे पठार: कॅल्शियम आत, पोटॅशियम बाहेर, दोघांची बरोबरी. चेतापेशीचा खेळ १-२ मिलिसेकंदांत आटोपतो, इथे २०० ते ३०० लागतात. पठार आखूड काढू नका. तेवढा वेळ सोडियमची दारं अडकलेली असतात, म्हणूनच हृदयाला एकावर एक आकुंचन चढून पेटका येत नाही. हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या सायनस गाठीची दोन ठोक्यांमधली रेघ मात्र सपाट नसतेच. ती आपणहून वर सरकत राहते.

आवेगाच्या अक्षतंतूवरच्या प्रवासासाठी बाण पुढेच काढा; मागची दारं अजून अडकलेली असतात. मायलिन (अक्षतंतूभोवतीचं चरबीचं वेष्टन) असेल तर आवेग फक्त मधल्या फटींत नव्याने उठतो, वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढेही जातो. हृदयात तो पेशीपेशींमधल्या जोडछिद्रांतून सरकतो.

पडताळणी: बाहेरचं पोटॅशियम वाढवा. खालची तुटक रेषा वर सरकली पाहिजे, आणि तिच्याबरोबर विश्रांतीचं व्होल्टेजही.