घरच्या मीडिया सर्व्हरवर टीव्ही ट्यूनर कार्ड: ड्रायव्हरपासून पहिला चॅनल लागेपर्यंत

लिनक्सवर ट्यूनर कार्ड चालेना झालं की बरेच जण लगेच ड्रायव्हरचा सोर्स उतरवून कंपाइल करायला बसतात. ते अगदी शेवटी करायचं काम आहे आणि बहुतेकदा करावंही लागत नाही. कार्ड आणि चित्र यांच्यामध्ये चार टप्पे असतात: मशीनला कार्ड दिसणं, कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा भाग, लोड होणं, चिपमध्ये फर्मवेअर (चिपचा स्वतःचा प्रोग्राम) जाणं आणि टीव्ही प्रोग्रामला ते डिव्हाइस उघडायची परवानगी असणं. कुठला टप्पा अडला आहे ते कर्नलचा लॉग जवळजवळ नेहमीच सांगतो. त्यामुळे आधी लॉग वाचायचा आणि मग हात लावायचा.

पुढचं सगळं डेबियन आणि उबुंटू सर्व्हर धरून लिहिलं आहे, टीव्ही सर्व्हर म्हणून टीव्हीहेडएंड घेतलं आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. वेगळं सांगितलं नसेल तर टर्मिनलवर ती रोमन लहान अक्षरांत टाइप करायची.

खोक्यावरचं नाव नव्हे, आतली चिप

ट्यूनर कार्डावर साधारण तीन महत्त्वाच्या चिप असतात. ब्रिज पीसीआय-एक्सप्रेस किंवा यूएसबीशी बोलतो, ट्यूनर हवी ती फ्रिक्वेन्सी पकडतो आणि डिमॉड्युलेटर त्या लहरींतून डेटा काढतो. तिघांचे ड्रायव्हर वेगळे असतात. कर्नल एखादं कार्ड चालवतो याचा अर्थ हे तिन्ही ड्रायव्हर त्यात आहेत आणि ब्रिजच्या ड्रायव्हरमध्ये त्या कार्डाच्या आयडीची नोंद आहे. उदाहरणार्थ, हॉपॉजच्या विनटीव्ही-क्वाडएचडीवर सीएक्स२३८८५ हा ब्रिज आहे, सोबत सिलिकॉन लॅब्सचे एसआय२१६८ डिमॉड्युलेटर आणि एसआय२१५७ ट्यूनर. हे सगळे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच आहेत. यूएसबीवरच्या विनटीव्ही-ड्युअलएचडीला ईएम२८एक्सएक्स हा ड्रायव्हर लागतो. टीबीएसच्या बऱ्याच कार्डांना मात्र कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो. निवड हातात असेल तर मूळ कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेलंच कार्ड घ्या. चार ट्यूनर जास्त मिळतात म्हणून बाहेरच्या ड्रायव्हरचं कार्ड घेतलं, तर प्रत्येक कर्नल अपडेटला त्याची किंमत मोजावी लागते.

एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या मधूनच चिप बदलतात. म्हणून नावापेक्षा आयडीवर भरवसा ठेवा. आणखी एक गोष्ट: प्रसारण डीव्हीबी-टी२ (डीव्हीबी या डिजिटल टीव्ही पद्धतीतली अँटेनावरच्या प्रसारणाची नवी आवृत्ती) असेल आणि डिमॉड्युलेटर फक्त डीव्हीबी-टीचा असेल, तर कुठलाही ड्रायव्हर ते जुळवून देऊ शकत नाही.

मशीनला कार्ड दिसतंय का

पीसीआय-एक्सप्रेस कार्डासाठी ही आज्ञा द्या:

एलएसपीसीआय -एनएनके

यादीत ‘मल्टिमीडिया व्हिडिओ कंट्रोलर’ किंवा ‘मल्टिमीडिया कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असेल तर मॉड्यूल कार्डाला चिकटलं आहे. ती ओळ नसेल तर अडचण मॉड्यूलच्या टप्प्यावर आहे. कार्डच यादीत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये काही शोधू नका. मशीन पूर्ण बंद करून कार्ड काढून पुन्हा नीट बसवा, दुसरा स्लॉट वापरून बघा. एक्स१ कार्ड एक्स४ किंवा एक्स१६ स्लॉटमध्ये खुशाल चालतं. अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एखादा पीसीआय-एक्सप्रेस स्लॉट त्याच लेन (डेटाच्या वाटा) वाटून घेतात. एसएसडी लावली की तो स्लॉट आपोआप बंद पडतो. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत हे बारीक अक्षरांत दिलेलं असतं.

यूएसबी ट्यूनरसाठी ‘एलएसयूएसबी’ने आयडी बघा आणि ‘एलएसयूएसबी -टी’ने वेग. ओळीच्या शेवटी ‘४८०एम’ हवं. ‘१२एम’ दिसलं तर केबल, हब किंवा पोर्ट खराब आहे, आणि त्या वेगावर पूर्ण डीव्हीबी प्रवाह मावणारच नाही. वीज न देणारा हब टाळा. दोन ट्यूनरची यूएसबी काडी चालू होताना एकदम जास्त विद्युतप्रवाह ओढते आणि मग लॉगमध्ये आय२सीच्या (कार्डावरच्या चिपना जोडणाऱ्या तारांच्या) त्रुटी दिसू लागतात. त्या ड्रायव्हरच्या वाटतात, असतात विजेच्या.

मॉड्यूल

‘डीमेसेज’चा (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) लॉग ‘डीव्हीबी’ या शब्दाने गाळून बघा. ‘रजिस्टरिंग अ‍ॅडॉप्टर ० फ्रंटएंड ०’ अशी ओळ आली आणि /डेव्ह/डीव्हीबी/अ‍ॅडॉप्टर०/ मध्ये फ्रंटएंड०, डिमक्स० आणि डीव्हीआर० दिसले, की हा टप्पा पार झाला.

काहीच नसेल तर ‘मॉडइन्फो सीएक्स२३८८५’ (किंवा तुमच्या ब्रिजचं नाव) देऊन बघा. मॉड्यूल सापडत नाही असं उत्तर आलं, तर चालू कर्नलच्या पॅकेजमध्येच ते नाही. सर्व्हरवर हे फार वेळा घडतं. उबुंटूमध्ये डीव्हीबीचे ड्रायव्हर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात आणि छोट्या व्हर्च्युअल इमेजमध्ये ते बसवलेलं नसतं. ‘युनेम -आर’ जे व्हर्जन दाखवेल नेमकं तेच जोडून पॅकेज बसवा. डेबियनचं ‘क्लाउड’ कर्नल असेल तर साधं ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ बसवून मशीन त्यावर सुरू करा.

आरटीएल२८३२यू चिपच्या स्वस्त काड्यांची वेगळीच गंमत आहे. या काड्या रेडिओच्या हौशी लोकांमध्ये एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) म्हणून लोकप्रिय आहेत, आणि आरटीएल-एसडीआरचं पॅकेज बसवलं की ते टीव्हीचं मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करू शकतं, म्हणजे ते आपोआप लोड होणं बंद करतं. काडी यादीत दिसते, मॉड्यूल डिस्कवर असतं, तरी काही घडत नाही. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ आणि /लिब/मॉडप्रोब.डी/ या दोन्ही ठिकाणी ‘डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू’ हे नाव शोधा, ब्लॅकलिस्टची ओळ काढा आणि काडी पुन्हा लावा.

फर्मवेअर: इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

एसआय२१६८ सारखी चिप स्वतःजवळ पूर्ण प्रोग्राम ठेवत नाही. ड्रायव्हर तो फाइलमधून वाचून चिपमध्ये भरतो. हे काम मशीन सुरू होताना होत नाही, ट्यूनर पहिल्यांदा उघडला जातो तेव्हा होतं. म्हणून बूटचा लॉग स्वच्छ दिसतो, अ‍ॅडॉप्टर तयार असतो आणि तरीही स्कॅन रिकामं परत येतं. स्कॅन सुरू केल्यानंतर लॉग पुन्हा बघा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर... फेल्ड विथ एरर -२’ असं असेल तर उणे दोनचा अर्थ सरळ आहे: फाइल सापडली नाही.

फाइलचं नाव लॉगमधूनच उचला, कुठल्या मार्गदर्शिकेतून नको. (हीसुद्धा त्यातच आली.) एकाच एसआय२१६८ च्या आवृत्त्यांना ए२०, ए३०, बी४० आणि डी६० अशा वेगवेगळ्या फाइली लागतात; उदाहरणार्थ ‘डीव्हीबी-डिमॉड-एसआय२१६८-बी४०-०१.एफडब्ल्यू’. आधी वितरणाची फर्मवेअर पॅकेजेस बघा. डेबियन १२ पासून त्यांच्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग आहे आणि तो सोर्सच्या यादीत असावा लागतो. तिथे नसेल तर लिब्रेएलेकचा डीव्हीबी-फर्मवेअर संग्रह उपयोगी पडतो. फाइल थेट /लिब/फर्मवेअर/ मध्ये ठेवा, उपफोल्डरमध्ये नाही, आणि परवानगी ६४४ करा.

आता चाचणी. नुसतं रीबूट पुरेसं नाही. रीबूटमध्ये स्लॉटची वीज जात नाही, त्यामुळे चिपमध्ये आधी भरलेलं फर्मवेअर तसंच राहू शकतं आणि फाइल नसतानाही सगळं ठीक भासतं. मग एके दिवशी वीज जाते आणि ‘काहीही न बदलता’ टीव्ही बंद पडतो. मशीन बंद करा, मागची वायर काढा, अर्धा मिनिट थांबा आणि मग सुरू करा. अडकून बसलेला डिमॉड्युलेटर सोडवायलाही हाच उपाय आहे.

परवानगी आणि पहिली चाचणी

/डेव्ह/डीव्हीबी/ मधली डिव्हाइसं ‘व्हिडिओ’ ग्रुपची असतात. डेबियनच्या पॅकेजमधलं टीव्हीहेडएंड ‘एचटीएस’ या युजरखाली चालतं. तो या ग्रुपमध्ये नसेल तर घाला आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा:

युजरमॉड -एजी व्हिडिओ एचटीएस

यात पर्यायाचं ‘ए’ लहान आणि ‘जी’ मोठं. ‘ए’ विसरलात तर तो युजर बाकीच्या जोडग्रुपांतून बाहेर पडेल.

टीव्हीहेडएंडमध्ये शिरण्याआधी ट्यूनर साध्या साधनांनी तपासा. ‘डीव्हीबी-टूल्स’ पॅकेज बसवा आणि टीव्हीहेडएंड थांबवा. नाहीतर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असं ऐकावं लागेल. ‘डीव्हीबी-एफई-टूल -ए ०’ कार्डाला कुठली प्रसारणपद्धत कळते ते दाखवतं. ‘डीव्हीबीव्ही५-स्कॅन’ला आपल्या प्रक्षेपकाची सुरुवातीची फाइल द्या, अशा फाइली ‘डीटीव्ही-स्कॅन-टेबल्स’ पॅकेजमध्ये मिळतात.

सिग्नलची टक्केवारी मनावर घेऊ नका, प्रत्येक ड्रायव्हर ती आपल्या हिशोबाने काढतो. बघायचं ते डेसिबलमधलं सिग्नल-टू-नॉइज आणि दुरुस्त न झालेल्या ब्लॉकची संख्या. दुसरा आकडा शून्यावर थांबलेला हवा. तो चढत असेल तर अँटेना, कनेक्टर किंवा अतिजोरदार सिग्नल यांपैकी एक कारण असतं. अँप्लिफायर काढल्यावर चित्र सुधारणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

उपग्रहाच्या कार्डावर निम्मेच चॅनल सापडले तर आधी एलएनबीचा (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या ग्राहक यंत्राचा) व्होल्टेज तपासा: १३ व्होल्ट उभ्या ध्रुवणासाठी, १८ व्होल्ट आडव्यासाठी, आणि वरच्या बँडसाठी २२ किलोहर्ट्झचा टोन. काही कार्डांना एलएनबीसाठी पॉवर सप्लायची वेगळी वायर लावावी लागते. ती राहिली तर नेमकं १८ व्होल्टचं ध्रुवण गळतं.

मॉड्यूलचे पर्याय

दोन वेगळी कार्डं असतील तर कुणाला कुठला क्रमांक मिळेल हे बूटच्या शर्यतीवर ठरतं, आणि प्रोग्राममधल्या जुन्या जोडण्या भलत्याच ट्यूनरवर जाऊ शकतात. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/डीव्हीबी.कॉन्फ ही फाइल करून क्रमांक पक्के करा:

ऑप्शन्स सीएक्स२३८८५ अ‍ॅडॉप्टर_एनआर=०,१

सीएक्स२३८८५ ची कार्डं एएमडी रायझनच्या काही बोर्डांवर थोडा वेळ चालून थांबतात आणि लॉगमध्ये ‘एमपेग रिस्क ऑप कोड एरर’ येतं. यावरचा उपाय ड्रायव्हरमध्येच आहे. खालच्या पर्यायाची मूळ किंमत १ असते, म्हणजे ड्रायव्हर स्वतः ओळखायचा प्रयत्न करतो. ओळख चुकली तर सक्ती करा:

ऑप्शन्स सीएक्स२३८८५ डीएमए_रीसेट_वर्कअराउंड=२

एका मॉड्यूलचे दोन्ही पर्याय हवे असतील तर ते एकाच ओळीत मध्ये जागा सोडून लिहिता येतात. बदलानंतर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ चालवून रीबूट करा.

बाहेरचा ड्रायव्हर बसवावाच लागला तर

चालू कर्नलचे हेडर्स आणि ‘बिल्ड-एसेन्शियल’ बसवा. ‘मीडिया_बिल्ड’ पद्धतीने बांधलेला ड्रायव्हर स्वतःचं आख्खं मीडिया उपतंत्र घेऊन येतो, म्हणून दोन कंपन्यांचे असे ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. जुनी आणि नवी मॉड्यूलं मिसळली की ‘डिसअ‍ॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ अशा ओळींचा पाऊस पडतो. तेव्हा बाहेरून आलेली मॉड्यूलं काढा, कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवा आणि एकाच स्रोतापासून नव्याने सुरुवात करा. कर्नल बदलला की पुन्हा बांधणी आलीच. डीकेएमएसची (कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बांधणाऱ्या साधनाची) सोय असेल तर ती आपोआप होते. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं, तर मॉड्यूलवर सही हवी: ‘मोकयूटिल’ने किल्ली नोंदवा आणि पुढच्या बूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती मान्य करा. त्यासाठी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडावा लागतो. नुसतं एसएसएच असलेल्या मशीनवर हे काम अर्ध्यात अडकतं.

कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन

कंटेनरमध्ये ड्रायव्हर बसवता येत नाही. ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही होस्टवर. कंटेनर डॉकरचा असेल तर त्याला /डेव्ह/डीव्हीबी हे डिव्हाइस द्या आणि होस्टवरच्या ‘व्हिडिओ’ ग्रुपचा आकडाही द्या, नाव नको. आतल्या आणि बाहेरच्या ग्रुपचे आकडे जुळत असतीलच असं नाही. एलएक्ससी या दुसऱ्या प्रकारच्या कंटेनरमध्ये मेजर क्रमांक २१२ ला (डीव्हीबी डिव्हाइसांच्या क्रमांकाला) मुभा द्यावी लागते. यूएसबी काडी काढून पुन्हा लावली तर कंटेनरही रीस्टार्ट करा, कारण नवी नोंद आत आपोआप पोचत नाही. व्हर्च्युअल मशीनचा प्रकार उलटा: तिथे आख्खं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड आयओएमएमयू या प्रोसेसरच्या सोयीमार्फत आत सोपवायचं आणि ड्रायव्हर पाहुण्या मशीनमध्ये ठेवायचा. यूएसबी ट्यूनर एकटा सोपवला तर प्रवाहात तुकडे पडतात. त्याऐवजी पूर्ण यूएसबी कंट्रोलर द्या.

टीव्हीहेडएंड

ब्राउझरमध्ये पोर्ट ९९८१ उघडा. डीव्हीबी इनपुट्समध्ये नेटवर्क तयार करा, टीव्ही अ‍ॅडॉप्टर्समध्ये ट्यूनर चालू करून त्याला ते नेटवर्क जोडा, मक्स (एका फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारे चॅनलांचे गठ्ठे) स्कॅन होऊ द्या आणि मग सर्व्हिसेस चॅनलांना मॅप करा. कोडी हा मीडिया प्लेअर पोर्ट ९९८२ वरून एचटीएसपी या टीव्हीहेडएंडच्या प्रोटोकॉलने जोडतो. जेलीफिन हा मीडिया सर्व्हर ट्यूनर थेट उघडत नाही; त्याला टीव्हीहेडएंडची एम३यू यादी (चॅनलांची) आणि एक्सएमएलटीव्ही (कार्यक्रमांचं वेळापत्रक) द्या.

यानंतरही चित्र फाटत असेल तर दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दुरुस्त न झालेले ब्लॉक आणि ‘कंटिन्युइटी काउंटर’च्या (डेटाच्या पाकिटांच्या क्रमांकात खंड पडल्याच्या) त्रुटी दोन्ही वाढत असतील तर दोष अँटेनाच्या बाजूला आहे. ब्लॉक शून्यावर आहेत आणि फक्त कंटिन्युइटीच्या त्रुटी वाढत आहेत, तर सिग्नल कार्डापर्यंत निर्मळ येतोय आणि डेटा पुढे यूएसबीवर, बसवर किंवा व्हर्च्युअल मशीनच्या सीमेवर हरवतोय. छतावर चढायची गरज नाही.