घरात अडकलेल्या दिवसांत दिनक्रम कसा सावरायचा? आधी उठण्याची वेळ धरा

महासाथीत घराबाहेर पडणं थांबलं की सगळ्यात आधी झोपेचा बोजवारा उडतो. ऑफिस, शाळा, ठरलेली गाडी हे सगळं आपल्याला वेळेची आठवण करून देत असतं, आणि तेच बंद होतं. रात्रीचे दोन वाजतात, सकाळचे दहा होतात, व्यायाम ‘उद्यापासून’वर जातो. अशा वेळी ‘सकारात्मक राहा, छंद जोपासा’ या सल्ल्याने काहीही होत नाही. दहा संकल्पांची यादी करून सोमवारपासून सगळं एकदम सुरू करणं तर त्याहून वाईट. उठण्याची वेळ तेवढी पक्की करा, बाकीचं तिच्या आधाराने जमतं.

तुम्ही आजारी असाल किंवा नुकतेच आजारातून उठला असाल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि हवं तेवढं झोपा.

१. नोंद. झोप साधारण कधी लागली आणि जाग कधी आली, एवढंच तीन दिवस लिहा.

२. वेळ सरकवणं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण ते झोपायची वेळ ठरवतात. झोप ठरवून येत नाही, उठणं मात्र ठरवून जमतं. रोज दोनला झोपणारा माणूस अकराला अंथरुणात शिरला, तर तीन तास कूस बदलत राहतो. असं आठवडाभर झालं की अंथरूण दिसताच मन धास्तावतं, आणि ती धास्ती घालवायला वेळ लागतो. म्हणून लवकर आडवे होऊ नका. डोळे जड झाले की मगच झोपा.

गजर सध्याच्या वेळेपेक्षा १५ ते ३० मिनिटं अलीकडे लावा. दोन-तीन दिवस तीच वेळ ठेवा, मग पुन्हा तेवढंच अलीकडे. उठल्यावर अर्धा तास बाहेरचा उजेड घ्या, अंगणात, गच्चीत किंवा उघड्या खिडकीला अगदी खेटून. शरीराचं घड्याळ मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये असतं. बहुतेकांचं ते २४ तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे उशीर आपोआप होतो आणि लवकर उठायला कष्ट पडतात. हे घड्याळ अलीकडे आणतो तो सकाळचा उजेड. घरातले दिवे साधारण १०० ते ५०० लक्स उजेड देतात, बाहेर ढगाळ दिवसातही तो हजारांत असतो. खोलीच्या मध्यावर बसून दिवा लावला, तर ते काम होत नाही.

घाई करू नका. दहाला उठणारा एकदम पाचला उठून लख्ख उजेडात बसला, तर परिणाम उलटा होऊ शकतो. त्याच्या शरीराच्या लेखी ती अजून मध्यरात्र असते, आणि त्या वेळचा उजेड घड्याळ आणखी उशिराकडे ढकलतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी डोळे मिटायला लागतात. झोपायचंच असेल तर तीनच्या आत, २० मिनिटं, गजर लावून. रात्र वाईट गेली तरी गजराची वेळ बदलायची नाही. सुटीच्या दिवशी दोन तास जास्त झोपलात, तर आठवड्याची मेहनत वाया जाते. रात्री अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. घड्याळ बघत बसू नका.

इतकं करूनही काही आठवडे झोप लागत नसेल, तर डॉक्टरांशी बोला.

३. चहा-कॉफी. दुपारी दोननंतर बंद. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात.

४. हालचाल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात.

५. काम आणि बातम्या. अंथरुणात लॅपटॉप नको. बातम्या दिवसातून दोनदा, झोपण्यापूर्वी नाहीच.

६. मुदत. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचं १८ दिवसांत भागलं, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने त्यात फारसा फरक पडला नव्हता. त्यामुळे एक सकाळ हुकली तर पुन्हा पहिल्यापासून मोजू नका, दुसऱ्या दिवशीचा गजर त्याच वेळेचा ठेवा.