भूलशास्त्र विभागात नव्याने रुजू झालात? या चुका टाळा

दर वर्षी नवी बॅच आली की पहिले दोन महिने होस्टेलवर एकच विषय असतो: आज किती ट्यूब (श्वासनलिकेत घालायच्या नळ्या) टाकल्या? लॅरिंगोस्कोप, म्हणजे ट्यूब घालताना घशात बघायचं उपकरण, कधी हातात येतो याची घाई. हात बसायला वेळ लागतो, पण बसतो. माझ्या पाहण्यात जास्त घोळ झालेत ते पीएसीच्या (भुलीआधीच्या तपासणीच्या) टेबलापाशी आणि सिरिंजच्या ट्रेमध्ये.

"उपाशी आहात का?" असं विचारणं

हा प्रश्न मीही जेआर (ज्युनियर रेसिडेंट) असताना कित्येक महिने विचारला. हर्नियाच्या एका मावशींनी "हो, उपासच आहे" म्हटलं आणि मी कागदावर टिक केली. टेबलवर घेऊन मॉनिटर लावत होतो, तेवढ्यात सिस्टरनी गप्पांच्या ओघात विचारलं, "उपासाला काय केलंत?" "काही नाही हो, वाटीभर साबुदाण्याची खिचडी." सकाळी साडेसातला. घड्याळात दहा वाजत होते. केस पुढे ढकलली आणि सर्जनची बोलणी मी खाल्ली. आपल्याकडे उपास म्हणजे पोट रिकामं नसतं, हे घरी प्रत्येकाला ठाऊक असतं. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) शिरताना तेवढं बाहेर राहतं.

चहाचंही तसंच. "फक्त अर्धा कप घेतला" म्हणणाऱ्याच्या हिशेबी ते खाणं नसतंच. पण दुधाचा चहा म्हणजे ६ तास. साधं पाणी २ तास, आईचं दूध ४, हलकं जेवण ६, तळकट किंवा मटणाचं जेवण ८. तेव्हा असं विचारा: "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं, किती वाजता? गोळी कशाबरोबर घेतली?"

उलटी चूकही रोज होते. दुपारच्या लिस्टमधल्या चार वर्षांच्या पोराला रात्रीपासून कोरडं ठेवतात. २ तास आधीपर्यंत पाणी चालतं, हे वॉर्डातल्या सिस्टरना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. निरोपावर सोडू नका.

जाता जाता: "तंबाखू खाता का?" याला "छे!" म्हणणाऱ्या आजी मिश्री लावत असतात. मिश्रीचं नाव घेऊनच विचारा. कवळी आणि हलणारा दातही.

भुलीचं मशीन सुरू आहे म्हणजे तपासलेलं आहे असं धरणं

सकाळी आधी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कुठे आहे ते डोळ्यांनी पाहा. मग सक्शन (स्राव ओढून घेणारी नळी). नुसता आवाज येतो म्हणून समाधान मानू नका, नळीच्या तोंडावर अंगठा ठेवा आणि ओढ लागते का बघा. मशीनमागचा ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर उघडून प्रेशर पाहा, बंद करा. पाच मिनिटांचं काम.

चालू केसमध्ये एअरवे प्रेशर अचानक वाढलं तर नवा जेआर व्हेंटिलेटरची बटणं फिरवत बसतो. ते सोडा. रुग्णाला मशीनवरून काढून अँबूवर घ्या. बॅग सहज दाबली जात असेल तर दोष मशीनमध्ये किंवा सर्किटमध्ये. कडक लागत असेल तर ट्यूबमध्ये किंवा रुग्णामध्ये. मग ट्यूबमधून सक्शन कॅथेटर घाला. तो अडला तर ट्यूब दुमडली, चावली गेली किंवा चोंदली आहे. आरपार गेला तर स्टेथोस्कोप लावा: ट्यूब एकाच बाजूला उतरली का, छाती वाजतेय का, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) आहे का. मान पुढे वाकवली की ट्यूब आत सरकते, हे पोझिशन देताना आठवा.

अँपूल रंगावरून ओळखणं

ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडचं (रक्तस्राव कमी करणारं औषध) अँपूल काही कंपन्यांमध्ये हेवी ब्युपिव्हॅकेनसारखंच (स्पायनलसाठी, म्हणजे पाठीत द्यायचं भुलीचं औषध) दिसतं. ते चुकून पाठीत गेलं तर झटके येतात आणि माणूस दगावूही शकतो. अशा घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून ट्रॅनेक्सा स्पायनलच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, त्याची जागा वेगळी. अँपूल फोडण्याआधी नाव मोठ्याने वाचा. औषध भरल्याक्षणी सिरिंजवर लेबल. "दोन मिलीची ती अमुक, पाच मिलीची ती तमुक" ही खूण ज्याने भरलं त्याच्याच डोक्यात असते, आणि तो चहाला गेलेला असतो.

सॅच्युरेशन चांगलं आहे म्हणून ट्यूब बरोबर आहे असं मानणं

३ मिनिटं घट्ट मास्क धरून ऑक्सिजन दिला असेल, तर ट्यूब अन्ननलिकेत असूनही सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) आकडा बराच वेळ ९९ दाखवत राहतो. ट्यूबमध्ये वाफ दिसणं हाही पुरावा नाही. कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मॉनिटरची) लाट सलग येते का, एवढंच बघा. रेष सपाट असेल तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असं धरूनच पुढचं पाऊल. हृदय बंद पडलेलं असलं तरी नीट सीपीआर चालू असताना थोडी लाट दिसते.

सिझेरियनच्या स्पायनलनंतर कागद भरत बसणं

बाई "मळमळतंय" म्हणाली की उलटीच्या इंजेक्शनाकडे हात जाऊ देऊ नका, आधी बीपी. पुष्कळदा ते पडलेलं असतं. गर्भाशयाचा भार शिरेवरून हटावा म्हणून टेबल डावीकडे कलतं ठेवा, व्हॅसोप्रेसर (बीपी वाढवणारं औषध) भरलेलं हाताशी ठेवा.

सिनियरला उशिरा बोलावणं

यात चूक दोन्हीकडची. रात्री फोन उचलून "एवढंही जमत नाही?" म्हणणारा लेक्चरर पुढच्या रात्रीचा फोन स्वतःच बंद करतो. दुसऱ्या प्रयत्नाआधीच ज्युनियरच्या हातून स्कोप काढून घेणाराही काही शिकवत नाही. मात्र तिसऱ्यांदा तोच ब्लेड, तीच पोझिशन घेऊन बघणाऱ्या ज्युनियरला माफी नाही. प्रत्येक प्रयत्नागणिक घशाची सूज वाढते आणि मग मास्कवरही हवा जात नाही.

फोनवर "सर, एक पेशंट आहे, पंचेचाळीस वर्षांचा, डायबेटिस आहे..." अशी सुरुवात करू नका. "सर, ओटी तीन. ट्यूब जात नाहीये, दोनदा बघितलं. मास्कवर सॅच्युरेशन ९६. या."