मृग बहाराची छाटणी: आधी कात्र्या मोजा

मेचा दुसरा पंधरवडा चालू आहे. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, जत या पट्ट्यात मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडाला धरायचा फुलोरा) धरणाऱ्यांच्या डाळिंबाच्या बागा ताणावर आहेत, म्हणजे पाणी तोडलेलं आहे, आणि छाटणीच्या टोळ्या या शिवारातून त्या शिवारात पळतायत. दुपार कलली की ढग भरून येतात. वळीव पडला तर झाडं वाळेपर्यंत कात्री लावायची नाही, कारण ओल्या फांदीवर तेल्याचा, म्हणजे तेलकट डाग रोगाचा, जिवाणू कात्रीबरोबर फिरतो. त्यामुळे सगळ्यांनाच घाई. आणि या घाईतच कात्र्या हरवतात.

कात्री हरवली तर तीन-चारशे रुपये गेले, एवढ्यावर सोडून देऊ नका. प्रत्येक झाड छाटून झालं की कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवायची, ही शिफारस सगळ्यांना तोंडपाठ आहे. प्रत्यक्षात ती एकाच पद्धतीने जमते: माणशी दोन कात्र्या. एक हातात, एक बादलीत भिजत. झाड संपलं की अदलाबदल, उभं राहायला नको. आता त्यातली एक गेली म्हणजे काय होतं बघा. पहिली दहा झाडं माणूस बुडवून थांबतो. पुढची दहा नुसती बुचकळतो. त्यानंतर बादली मागच्या ओळीत राहते आणि कात्री पुढच्या. अंगावर काम घेतलेल्या टोळीला झाडामागे पैसे आहेत, कात्री भिजत ठेवायचे नाहीत. त्यांचा दोष नाही, दुसरी कात्री तुम्ही द्यायला हवी होती.

माझ्या बागेतलं सांगतो. एका मृगाला दोन कात्र्या सापडेनात. शेजारच्या अण्णांच्या मागून आणल्या, पुसल्या आणि दिल्या मजुरांना. अण्णांच्या बागेत आदल्या हस्त बहारात तेल्या होता, हे मला माहीत होतं. जुलैच्या झडीनंतर विहिरीकडच्या चार ओळींत पानांवर तेलकट ठिपके आले, मग फळं तडकली. नेमक्या त्याच ओळी त्या कात्र्यांनी छाटलेल्या. वाऱ्या-पावसानेही आला असेल, कोण सांगणार. पण तेव्हापासून मी उसनी कात्री बागेत येऊ देत नाही. टोळीची स्वतःची कात्री असली तरी फाटकातच दहा मिनिटं बादलीत.

कात्री जाते कुठे? माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त जाते ती झाडाच्या बेचक्यात. फोन वाजला की माणूस कात्री बेचक्यात अडकवतो आणि बोलत बोलत चार झाडं पुढे जातो. इथ्रेल (पानगळीचं औषध) मारून पानं गळाली की ती आपसूक दिसते, पण तोवर टोळी दुसऱ्या गावाला गेलेली असते. दुसरी जागा म्हणजे छाटलेल्या फांद्यांचा ढीग. तिसरी, चहा प्यायलो ते झाड. खुरप्याचं वेगळं आहे. ते उपटलेल्या तणाबरोबर बांधावर जातं, तिथून उकिरड्यात, आणि वर्षाने शेणखत विस्कटताना दांडा कुजलेलं वर येतं.

शोधायचं असेल तर भर दुपारी काट्यात हात घालू नका. ऊन तिरपं झालं की, साधारण साडेपाचनंतर, ओळीच्या पश्चिम टोकाला सूर्याकडे पाठ करून उभं राहा आणि बसून झाडाखाली नजर टाका. पातं चमकतं. ढिगासाठी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून फिरवतो मी. पोरं हसतात, पण दोन वेळा कात्री आणि एकदा ठिबकच्या नळीला भोक पाडायचा पंच त्याने काढून दिलाय. फांद्यांचा ढीग पेटवायच्या आधी हे करा. भाजलेल्या पात्याला परत धार टिकत नाही.

मुठीला लाल चिंधी बांधतात लोक. डाळिंबात लाल कशाला? फुलं लाल, कळी लाल. पिवळी बांधाल तर पानगळीत पिवळीच पानं खाली पडलेली. काळी तर ठिबकच्या नळीत मिसळून जाते. निळी बांधा. बागेत निळं काही नसतं. निळ्या नायलॉनच्या सुतळीचे चार वेढे मुठीच्या टोकाला द्या, म्हणजे कात्री मिटायला अडचण होत नाही. शेडच्या भिंतीला खिळे ठोकून प्रत्येकाखाली रंगाने आकडा घाला. चहाला, जेवायला आणि सुट्टीच्या वेळी, असं तीनदा मोजायचं. हे काम आमच्याकडे टोळीतली मावशी करते. ती गड्यांपेक्षा कडक आहे.

दुकानदार या दिवसांत दोन गोष्टी पुढे करतो. एक, दीड-दोन हजारांची परदेशी कात्री. चांगली असते, नाही म्हणत नाही, पण ती एकच घेतली जाते आणि एका कात्रीने वरचा सगळा खेळ बिघडतो. त्या पैशात साध्या चार येतात. दुसरी, ‘अवजारांसाठी खास’ म्हणून विकली जाणारी महागडी बाटली. बाटलीमागचा घटक वाचा. साधं हायपोक्लोराइट भागवतं. डबा १० टक्क्यांचा असेल तर १ लिटरला ९ लिटर पाणी, ५ टक्क्यांचा असेल तर ४ लिटर. बादली सावलीत ठेवा, उन्हाने आणि मातीने त्याचा जोर जातो. दुपारी नवीन करा. त्यात ॲसिड किंवा दुसरं औषध मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि रात्रभर कात्री त्यात विसरू नका, सकाळी स्प्रिंग गंजून जाम. साध्या पाण्याने धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा.

बाकीची कामं नेहमीचीच:

– रोगट फांदी चट्ट्याच्या खाली २ इंचांवर कापणे, बागेबाहेर नेऊन जाळणे.
– मोठ्या कापावर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर).
– छाटणीनंतर लगेच १ टक्का बोर्डो फवारणी (१ किलो, १ किलो, १०० लिटर). विळ्याचं चकचकीत पातं बुडवून बघणे. तांबूस थर बसला तर चुन्याची निवळी वाढवणे.
– पानगळीसाठी इथ्रेल, ताण बघून लिटरला १ ते २ मि.लि., सोबत डीएपी खत ५ ग्रॅम.
– झाडाखालची पानं गोळा करणे, मग जमिनीवर ब्लीचिंग पावडर हेक्टरी २५ किलो, १००० लिटर पाण्यातून.
– शेणखत झाडाला २० ते २५ किलो.

झाडाखालच्या पाल्यात गेल्या वर्षीची कात्री सापडली तर आनंदाने थेट कामाला लावू नका. गळालेल्या रोगट पानांत जिवाणू महिनोनमहिने तग धरतो आणि ती कात्री त्यातच पडून होती. आधी गंज घासून काढा, कारण गंजाच्या पापुद्र्याखाली द्रावण पोचत नाही. मग भिजवा. पात्याला खाच पडली असेल तर ती डाळिंबाला नकोच, साल चेंगरते. आमच्याकडे अशा तीन आहेत. घरामागच्या शेवग्याला चालतात, त्यांच्या मुठीला सुतळी पांढरी.