फुंकण्याआधी हात मोजा

डुशेन, एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी) किंवा स्नायू दुबळे करणारा असा कुठलाही आजार असलेलं मूल श्वासाच्या तपासणीला येणार असेल, तर आदल्या दिवशीच काय काय बघून ठेवायचं ते सांगते. स्पायरोमीटर (फुंकलेली हवा मोजणारं यंत्र) 3 लिटरच्या सिरिंजने तपासलाय ना, फिल्टर आहेत ना, नाकाच्या क्लिपा आहेत ना, हे सांगायची वेळ येऊ नये. मोजपट्टी मात्र सांगावी लागते. मोजपट्टी काढून टेबलावर ठेवा, कॅलिपर असेल तर उत्तमच. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. जुन्या फायलीतली उंची टाकली आणि अहवाल चुकला.

मोजमाप एवढं का महत्त्वाचं, तेही बघा. यंत्र टक्केवारी काढतं ती वय, लिंग आणि उंची यांवरून अपेक्षित आकडा धरून. समजा मुलाने जोर लावून 1.2 लिटर हवा फुंकली आणि त्याच्या आजच्या उंचीला 2 लिटर अपेक्षित आहेत. म्हणजे 60 टक्के. जुनी, कमी उंची टाकल्यामुळे यंत्राने 1.8 लिटरच अपेक्षित धरले, तर त्याच फुंकीचे 67 टक्के होतात. मूल घसरलेलं असतं आणि कागदावर मात्र सगळं ठीक दिसतं. डुशेनच्या 2018 च्या शिफारशींत 60 टक्क्यांना फुफ्फुसं फुगवण्याचे व्यायाम आणि 50 टक्क्यांच्या खाली खोकल्याला मदत व रात्रीचं मास्कचं व्हेंटिलेटर, असे टप्पे दिलेले आहेत. सात टक्क्यांची चूक म्हणजे त्या मुलाचे हातचे महिने जातात.

उभं राहता येत नाही, पाठीला बाक आहे, त्या मुलाची उंची पायापासून डोक्यापर्यंत मोजून उपयोग नाही. पाठ वाकली की उंची कमी भरते आणि टक्के फुगतात. दोन्ही हात पसरून मोजावं, तर कोपरं आखडलेली असतात. म्हणून अल्ना, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड, मोजा आणि त्यावरून उंचीचा अंदाज काढा: कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या टोकापासून मनगटावर करंगळीच्या बाजूला जो उंचवटा लागतो तिथपर्यंत. दोनदा मोजा. कुठला हात मोजला ते लिहा, पुढच्या वेळी तोच हात घ्या. आईवडिलांना उंची विचारून ती लिहू नका. ते बिचारे जे आठवतं ते सांगतात.

आता बाकीचं. पाठीचा ब्रेस घालून फुंकायचं की काढून, ते ठरवा आणि लिहा. मागची तपासणी काढून ठेवून केली असेल तर या वेळीही काढूनच. चेहऱ्याचे स्नायू कमकुवत असतील तर ओठ माउथपीसभोवती घट्ट बसत नाहीत आणि हवा कडेने निसटते; त्यासाठी योग्य मापाचा मास्क हाताशी हवा. तेही जमत नसेल तर एका नाकपुडीत दाब मोजायचं छोटं बूच बसवून जोरात हुंगायला सांगा आणि दाब मोजा. लहान मुलांना हुंगणं फुंकण्यापेक्षा सोपं जातं. नाक चोंदलेलं असेल तर या आकड्यावर विसंबू नका.

बसून झालं की निजवून मोजा. आडवं झाल्यावर आकडा थोडा उतरणारच, पण 25 टक्क्यांहून जास्त उतरला तर श्वासाचा पडदा (डायफ्रॅम) दुबळा आहे असं समजायचं. ज्याला निजलं की धाप लागते त्याला हट्टाने निजवू नका. जेवणानंतर किंवा नळीतून दूध दिल्यावर लगेच तर नकोच. सक्शन (कफ ओढून काढायचं यंत्र) आणि मुलाचं स्वतःचं व्हेंटिलेटर खोलीतच असू द्या. या मुलांचे स्नायू लवकर थकतात. सर्वांत गरजेची चाचणी आधी घ्या, मध्ये विश्रांती द्या आणि आठ प्रयत्नांच्या पुढे ओढू नका. खोकल्याचा जोरही मोजा, पण मिनिटाला 270 लिटर हा उंबरठा बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे. सहा वर्षांच्या मुलाला तो लावून घाबरवू नका.

तान्ह्या बाळाला फुंकायला सांगता येत नाही. तिथे कपडे उतरवून, बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट नुसतं बघा. एसएमएच्या बाळात श्वास घेताना पोट वर येतं आणि छाती आत ओढली जाते, कारण पडदा टिकून असतो आणि बरगड्यांमधले स्नायू गेलेले असतात. छातीला आणि पोटाला श्वासाची हालचाल मोजणारे पट्टे लावायचे असतील तर बाळाच्या मापाचे आणा. मोठा पट्टा सरकतो. आणि हो, या बाळाचीही लांबी मोजाच.

रात्रीच्या तपासणीसाठी नुसता ऑक्सिमीटर पुरत नाही. कार्बन डायऑक्साइड वाढत असतो तेव्हाही ऑक्सिजन बराच वेळ ठीक दिसू शकतो. त्वचेवरून कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर आधी कॅलिब्रेट करा. तो गरम होतो, म्हणून ठरलेल्या वेळी जागा बदला, नाहीतर बाळाची कातडी भाजेल. झोपेच्या एकूण वेळेपैकी चतुर्थांशाहून जास्त काळ कार्बन डायऑक्साइड 50 मिमी पाऱ्याच्या वर असेल तर श्वास अपुरा पडतोय. आणि ऑक्सिजन उतरला म्हणून कार्बन डायऑक्साइड न बघता नुसता ऑक्सिजन सोडू नका. कुणी म्हणालं तरी नाही. आकडा सुधारतो आणि आतला श्वास तसाच अपुरा राहतो.

आईवडिलांना विचारायचं: सकाळी डोकं दुखतं का, रात्री कितीदा कूस बदलून द्यावी लागते, खाताना ठसका लागतो का. उत्तरं लिहून घ्या. सर्दीखोकला असेल तर तसं नोंदवा किंवा तारीख बदला.

उपकरणं पुसणं वगैरे नेहमीप्रमाणे. अहवालात टक्क्यांसोबत लिटरही लिहा, कशी स्थिती होती ते लिहा, मास्क की माउथपीस ते लिहा. अल्नाची लांबी सेंटिमीटरमध्ये, हात डावा की उजवा, आणि मोजल्याची तारीख. ती तारीख आजचीच असली पाहिजे.