बोलीतले संवाद लिहिताना या चुका टाळा

कथेत शेतकरी आला की 'व्हय', 'न्हाय', 'म्या' पेरायचं आणि बोली झाली असं समजायचं, ही चूक सगळ्यात जास्त दिसते. अशी सरसकट 'गावठी' कुठल्याच गावात बोलत नाहीत. 'मला'चं वऱ्हाडीत 'मले' होतं, मालवणीत 'माका'. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. तिथं 'आले', 'जाते' लिहिलं की त्या भागातला वाचक लगेच अडखळतो. म्हणून पात्र कुठल्या तालुक्यातलं, हे आधी ठरवा. ती बोली कानात नसेल, तर साधी प्रमाण मराठी बरी.

बोली फक्त गडी, मोलकरीण किंवा हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी घालणं मला त्याहून जास्त खटकतं. त्यातून पात्र कळत नाही, लेखकाचा पूर्वग्रह मात्र कळतो. न्यायाधीशही घरी मालवणीत भांडतो, आणि मनापासून भांडतो.

खरी गंमत पुढे आहे, आणि बहुतेक कथा तिथेच कमी पडतात. पात्र सगळ्यांशी एकाच भाषेत बोलतं! साहेबांना "आज निघायला थोडा उशीर होईल, सर" म्हणणारा तरुण आईच्या फोनवर "आज मले याले उशीर होईन" म्हणतो. आता त्याच तरुणाला बायकोदेखत आईशी प्रमाण भाषेत बोलायला लावा. त्याला कशाची लाज वाटते, हे वेगळं सांगावं लागत नाही. संबोधनाचंही तसंच. जन्मभर 'तू' म्हणणारा बाप एके दिवशी मुलाला "तुम्ही ठरवलंयच, तर जा" म्हणतो, तेव्हा 'तो रागाने म्हणाला' हे शब्द खोडून टाका.

प्रत्येक उच्चार लिपीत पकडायचा अट्टहासही नको. क्रियापदांची रूपं, वाक्याचा हेल आणि दोन-चार नेमके शब्द पुरतात. कंसात अर्थ देऊ नका, संदर्भातून कळू द्या.

"तुला माहीतच आहे, बाबांनी जमीन विकली तेव्हा…" अशी वाक्यं वाचकासाठी असतात. ऐकणाऱ्याला ते माहीत असेल, तर माहिती निवेदनात द्या. नाहीतर त्या व्यवहारावरून दोघांना भांडू द्या.

मसुदा झाला की एका पात्राचे सगळे संवाद वेगळे काढून सलग मोठ्याने वाचा. समोरचा माणूस बदलूनही आवाज तसाच राहत असेल, तर ते पात्र अजून तुमच्याच भाषेत बोलतंय.