आमदारांच्या ऑफिसात नवे आहात? आधी ‘प्रश्न उद्भवत नाही’ समजून घ्या

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे 15 मतदारसंघ. म्हणजे 15 संपर्क कार्यालयं आणि प्रत्येक ठिकाणी राज्यशास्त्र घेऊन पदवी झालेली आमच्यासारखी दोन-चार पोरं. शिफारसपत्रं, दाखले, रामकुंडावर कुणाच्या दशक्रियेला साहेबांनी जायचं, हे सगळं तुम्ही आपोआप शिकाल. ते कुणी शिकवत नाही आणि शिकवायची गरजही नाही.

अडतं ते अधिवेशन जवळ आल्यावर. आमदार निवडून येतो लग्न-दहाव्यांच्या जोरावर, मान्य. पण सभागृहात त्याची पत कामकाजावर ठरते. वि. स. पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते, पण महाराष्ट्राला ते आठवतात रोजगार हमी योजनेसाठी. आपल्या दिंडोरीचे नरहरी झिरवाळ 2020 मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. त्या खुर्चीत बसायचं तर कामकाजाचे नियम माहीत लागतात. ते साहेबांना कागदावर काढून देणं हे तुमचं काम.

आता तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं आणि त्यावर आमदाराला उपप्रश्न विचारता येतात तो. त्याचा साचा ठरलेला असतो: ‘(१) अमुक झाले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) तदनुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ बघायला सोपं. मीही तसंच समजलो. घाटमाथ्यावरच्या एका ग्रामीण रुग्णालयाबद्दल आम्ही लिहिलं, ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांची सर्व पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय?’ गावकऱ्यांचं निवेदन समोर होतं, त्यात ‘सर्व’ हाच शब्द होता. छापील उत्तर आलं: ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ का? तर एक डॉक्टर प्रतिनियुक्तीवर होता. कागदावर.

परत सांगतो, कारण इथेच सगळे आपटतात. पहिल्या भागात एक शब्द जरी जास्तीचा पडला, तरी खात्याला अख्खा प्रश्न झटकता येतो. ‘सर्व’, ‘एकही नाही’, ‘कायमचे बंद’ हे शब्द निवेदनात शोभतात, प्रश्नात नाही. मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणत्या महिन्यात, हे माहितीच्या अधिकारात आधी काढून ठेवा. मग ‘बहुतांश पदे रिक्त असल्याचे अमुक महिन्यात निदर्शनास आले’ असं लिहा. खात्याला निदान ‘अंशतः खरे आहे’ म्हणावं लागतं. तेवढी फट पुरते. उपप्रश्न साहेब तिथूनच घुसवतात.

घाबरू नका, पहिला मसुदा सगळ्यांचाच लाल होऊन परत येतो. पण मागच्या अधिवेशनाचे प्रश्न तालुक्याचं नाव बदलून पाठवायचा धंदा करू नका. हल्ली नेतृत्वाचे डिप्लोमे निघालेत. माझं मत विचाराल तर त्या फीमध्ये पंचवटी एक्सप्रेसचा पास काढा, विधान भवनात जा आणि जुन्या कार्यवाहीची पुस्तकं वाचा. गुरू करायचाच तर गाडीत पुढच्या सीटवर बसणारा नको, निवृत्त कक्ष अधिकारी शोधा. तो चहावर शिकवतो.

लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, नियम 105 खाली जाते आणि ती लागेलच याचा भरवसा नाही, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत करू’ म्हटलं की ते वाक्य तारखेसह वहीत उतरवा. पुढे आश्वासन समितीकडे, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात दिलेले शब्द पाळले का हे बघणाऱ्या आमदारांच्या समितीकडे, पाठपुरावा करताना तेच लागतं. साहेबांना टाळ्या आठवतात, तारीख नाही.

आणि हो, पगाराचं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. शासनाकडून आमदाराला एका स्वीय सहायकाचे पैसे मिळतात. बाकीच्यांना साहेब खिशातून देतात, आणि निवडणुकीच्या वर्षात तो खिसा फार लवकर रिकामा होतो.